माझ्या पदरचे गुण

ज्या वर्षी आमच्या धाकट्या भावजींनी पन्नाशी उलटल्यावर लग्न केलं, त्याच वर्षी मी वाचायला शिकले. दोन्हींबद्दल लोक एकच बोलले, या वयात कशाला?

भावजी म्हणजे माझे दीर. त्यांनी लोकांना काय उत्तर दिलं ते ठाऊक नाही. मी मात्र सांगत असे की इतकी वर्षं वेळच नव्हता. ते खरंही होतं. माझा जन्म इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करण्यात गेला. चादरींच्या कोपऱ्यात वॉर्डाचं नाव छापलेलं असे. मला ती नक्षी वाटायची. कुठली नक्षी कुठल्या मजल्यावर जाते हे पाठ होतं, तेवढ्यावर नोकरी निभावली.

निवृत्त झाले आणि मुंगीने मला धरलं. मुंगी माझ्या बहिणीची मुलगी. बहीण गेल्यावर आमच्याकडे आली आणि आमचीच होऊन राहिली. अंगाने बारीक आणि सदा कशात तरी गुंतलेली, म्हणून मुंगी. तिचा कॉम्प्युटर माझ्या जुन्या शिलाई मशीनच्या टेबलावर असे. मशीन विकून टाकलं होतं, पण खालचं पायडल तसंच राहिलं होतं. विचार करताना मुंगीचा पाय त्या पायडलवर चाले. खट्‌खट् आवाज आला की आम्ही ओळखायचो, पोरगी कुठल्या तरी गुंत्यात आहे. आवाज थांबला की गुंता सुटला.

त्याच टेबलावर तिने मला अक्षरं शिकवली. पाटीवर गिरवून नव्हे, बटणं दाबून. आधी अक्षर, मग त्याचा काना, मग वेलांटी. हे दारात खुर्ची टाकून बसायचे आणि म्हणायचे, "मुंगी, तिला फार शिकवू नकोस. माझ्या औषधांच्या बाटल्या वाचायला लागेल." हे म्हणजे माझे मालक. सगळी उमर बस चालवली. निवृत्तीनंतरही बसल्या जागी उजवा पाय ब्रेकवर ठेवल्यासारखा ताठ.

यांच्या छातीचं दुखणं निघालं तेव्हा मुंगी कॉलेजात होती. इस्पितळात पाळीपाळीने बसायला माणूस हवं होतं. आमच्या साहेबची शेवटची परीक्षा होती, तेव्हा मुंगी बसली. तिचं वर्ष बुडालं, मग कॉलेजच बुडालं. ती त्याबद्दल कधी बोलली नाही. पण हे विसरले नाहीत.

साहेब म्हणजे आमचा एकुलता एक मुलगा. लहानपणी बूट घातल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसे, म्हणून यांनीच ते नाव पाडलं. तो शिकला, ऑफिसात लागला, कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहू लागला. मुंगीला पहिले धडे त्यानेच दिले. हे खरं आहे, आणि पुढे जे सांगायचं आहे त्यापायी मी ते खोडणार नाही. तो लिहायचा, ती त्याच्या खुर्चीमागे उभी राहून पाहायची. मग एक दिवस त्याची चूक तिला दिसली. "हुशार आहेस गं," असं म्हणून त्याने तिच्या डोक्यावर टपली मारली. पुढेपुढे त्या टपल्या थांबल्या.

आता कट्ट्याचं सांगते. प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलांची इंटरनेटवर एक जागा होती, आपल्याच भाषेतली. तिला सगळे कट्टा म्हणत. कोणी अडलं की तिथे प्रश्न टाकायचा, ज्याला येईल त्याने उत्तर द्यायचं. प्रत्येक प्रश्नाशेजारी आणि उत्तराशेजारी दोन बाण. पटलं तर वरचा दाबायचा, नाही पटलं तर खालचा. वरच्या बाणाने लिहिणाऱ्याला गुण मिळत, खालच्याने कापले जात. जितके गुण जास्त तितका मान आणि तितके अधिकार. आणि एक नियम मला फारच आवडला होता. दुसऱ्याच्या लिखाणावर खालचा बाण दाबला, तर दाबणाऱ्याच्याही पदरचा एक गुण जातो. मी मुंगीला म्हटलं होतं, "ही सोय आपल्या गल्लीत असती ना, तर निम्म्या बायका मुक्या झाल्या असत्या."

"आणि उरलेल्या निम्म्या भिकेला लागल्या असत्या," हे म्हणाले.

मुंगीकडे कॉलेजचा कागद नव्हता. कट्ट्यावरचे गुण हाच तिचा कागद. ती दुपारभर अनोळखी लोकांचे प्रश्न सोडवत बसे. ज्याला शिव्या खाव्या लागतील अशा बावळट प्रश्नालाही समजावून उत्तर देई. रोज जेवताना हे विचारत, "आज किती?" ती आकडा सांगे. "आणि साहेब, तुमचे?" साहेबही सांगे. "अरे, मुंगी पुढे गेली की!" हे हसत, मीही हसे. साहेबही हसल्यासारखं करी.

मला नीट वाचता येऊ लागलं तेव्हा साहेबनेच कट्ट्यावर माझं खातं काढून दिलं. "आई, आता तूही सभासद," म्हणाला. नाव काय ठेवू, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, मावशी ठेव. मुंगी मला तेच म्हणते. खात्याची किल्ली, म्हणजे ते गुप्त शब्द, त्यानेच ठरवले. मला टाईप करायला सोपे पडावेत म्हणून छोटे ठेवले. त्या दिवशी माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं. बहिणीच्या मुलीने अक्षर दिलं आणि पोटच्या पोराने नाव दिलं, असं मी शेजारणीला सांगितलं होतं.

मत द्यायचा, म्हणजे बाण दाबायचा, हक्क लगेच मिळत नसे. त्यासाठी आधी स्वतःचे थोडे गुण लागत. मुंगीने मला शब्द उलटा करण्याचा एक छोटा प्रोग्राम शिकवला होता. मी त्यात "मावशी" घातलं. बाहेर भलतंच आलं. "शी"ची वेलांटी एकटीच सगळ्यांच्या पुढे येऊन उभी राहिली आणि "मा"चा काना "व"ला जाऊन चिकटला. मी ते कट्ट्यावर विचारलं. माझा काना दुसऱ्याच्या घरी का जातो? लोकांना प्रश्न फार आवडला. कोणा परक्या माणसाने उत्तर दिलं की मशीनच्या लेखी अक्षर वेगळं आणि काना वेगळा, त्यांचा संसार त्याला दिसत नाही. वरचे बाण इतके पडले की माझ्या नावापुढे चांगला नव्वदीचा आकडा आला. एकाने खालचा बाणही दाबला. माझ्यापायी कोणीतरी आपला एक गुण घालवला, याचीही मला मौज वाटली.

गुण आले त्याच दिवशी मुंगीने मला बजावलं, "मावशी, आता तुला मत देता येईल. पण माझ्या उत्तरांना नाही द्यायचं हं. दादाच्याही नाही. घरच्यांनी घरच्यांना मत दिलं की ती लबाडी होते. कट्ट्याला कळतं, एकाच घरातून आलंय ते."

"आणि आवडलं तर?"

"आवडलं तर मला तोंडाने सांग."

मी तोंडानेच सांगत आले.

मग कट्ट्यावर पंचांची एक जागा रिकामी झाली. पंच म्हणजे भांडणं सोडवणारे, लबाड्या पकडणारे, सभासदांनी निवडून दिलेले लोक. मुंगी उभी राहिली. एका मोठ्या कंपनीतल्या बाई तिची उत्तरं वाचत असत. त्यांनी तिला कळवलं होतं, "पंच झालीस की तुझ्या कॉलेजचं कोणी विचारणार नाही. सरळ कामावर ये." मुंगीने ते मला वाचायला दिलं. मी वाचलं, आणि नंतर यांच्यासाठी मोठ्याने वाचलं. यांनी तोंड फिरवून खिडकीकडे पाहिलं. तिचं बुडालेलं कॉलेज त्यांच्या छातीवर होतं, ते आता उतरणार होतं.

दोन दिवसांनी साहेबनेही नाव दिलं. "गंमत म्हणून," म्हणाला. "दोघांतलं कोणीही आलं तरी पंच आपल्याच घरात." तिसरा एक उमेदवार होता, कोण कुठला ते माहीत नव्हतं.

मतदान सुरू व्हायच्या आधीच्या शनिवारी भावजींचं लग्न होतं. सकाळी साहेब म्हणाला की पोटात दुखतंय, तुम्ही जा. मी साखर-मिठाचं पाणी करून त्याच्या उशाशी ठेवलं. आम्ही तिघं गेलो. यांनी नवरीची गाडी चालवली, इतक्या वर्षांनी चाक हातात आलं म्हणून नवऱ्यापेक्षा हेच जास्त खुलले होते. मुंगी फोटो काढत होती. नवरीला जवळची बाई कोणी नव्हती, म्हणून मी दिवसभर तिची पर्स आणि चष्मा धरून मागे उभी होते. दुपारी मला राहवेना. हॉलच्या ऑफिसातून घरी फोन लावला.

"कसं आहे रे पोट?"

"पडून आहे, आई. डोळा लागला होता."

"मग झोप, झोप," मी म्हटलं आणि झोपमोड केली म्हणून स्वतःलाच बोल लावला.

मंगळवारी सकाळी मी भांडी विसळत होते. बाहेर पायडलचा आवाज येत होता. तो मध्येच तुटला. गुंता सुटला की आवाज हळूहळू थांबे, हा तसा थांबला नाही.

"मावशी," मुंगीने हाक मारली. "तू बाण दाबलेस?"

"कुठले बाण?"

"माझ्या उत्तरांवरचे. एकामागून एक, सगळ्या उत्तरांवर."

"तूच नको म्हणाली होतीस ना?"

"म्हणाले होते. म्हणून तर विचारतेय."

साहेब अर्ध्या गालाला दाढीचा फेस लावलेला तसाच बाहेर आला. तिच्या खांद्यावरून त्याने पडद्याकडे पाहिलं आणि जीभ चावली. "अरेरे. आई, अगं असं नसतं गं करायचं."

"मी काही केलं नाही."

"राहू दे. मुंगी, तिच्यावर चिडू नकोस. तिला काय कळतंय? दिसला बाण, दाबला. मायेपोटी केलं बिचारीने. हवं तर मी लिहितो पंचांना, आमची आई नुकती अक्षरं शिकलीय, अडाणी बाई आहे, माफ करा."

मुंगीने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी सोसला असता. तिथे कीव होती. जिने मला अ पासून शिकवलं, तिलाही वाटलं की असेल, हिनेच केलं असेल. आणि खरं सांगते, क्षणभर मलाही तसंच वाटलं. जन्मभर लोकांनी "तुला काय कळतंय" म्हटलं की आपण आपल्यालाच चाचपून पाहतो.

मग मी हात पदराला पुसले. "सरक," मी मुंगीला म्हटलं. "मला वाचू दे."

मी स्टुलावर बसले आणि मोठ्याने वाचू लागले. मला मनात वाचता येत नाही, ओठ हलवावेच लागतात. पंचांची नोटीस होती. "'मावशी' या खात्यावरून आपल्या उत्तरांना मोठ्या प्रमाणात अनु... अनुकूल मते, तसेच निवडणुकीतील इतर दोन उमेदवारांच्या उत्तरांना प्र-ति-कूल मते देण्यात आली." मी थांबले. "प्रतिकूल म्हणजे काय?"

"खालचा बाण," हे दारातून म्हणाले. ते कधी येऊन उभे राहिले होते कोणास ठाऊक.

"आई, पुरे आता, मी सांगतो सगळं नीट," साहेब म्हणाला.

"वाचू दे तिला."

मी पुढे वाचलं. "एका सभासदाने ही बाब आमच्या निदर्शनास आणली. तपासात दोन्ही खाती एकाच घरातील असल्याचे आढळले. ही सर्व मते शनिवारी दुपारी..." मी पुन्हा मागे गेले. शनिवारी. बोट ठेवून वाचलं. श, नि, वा, री.

"शनिवारी तर भावाचं लग्न होतं," हे म्हणाले.

हे पुढे बोलू लागले, एकेक थांबा घेत बस चालवावी तसे. "मी गाडीवर होतो. मुंगी फोटोत होती. हिच्या हातात त्या नवरीची पर्स होती, मी आरशात पाहत होतो. मग घरात कोण राहिलं?"

"मत फोनवरूनही देता येतं, बाबा."

"तुझ्या आईचा फोन दाखव. त्याला नुसती बटणं आहेत. त्यावर हिला शेजारणीचा नंबर लावता येत नाही नीट, आणि बाण दाबेल?"

साहेबच्या गालावरचा फेस वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. मी पडद्यावर माझं नाव शोधलं. नावापुढचे गुण जवळजवळ सगळे गेले होते. तेव्हा मला कळलं. त्याने त्या तिसऱ्या उमेदवाराला खाली ओढलं, संशय येऊ नये म्हणून स्वतःच्याही काही उत्तरांना खाली ओढलं, आणि प्रत्येक खालच्या बाणामागे जो एक गुण मोजावा लागतो तो माझ्या पदरचा मोजला. माझ्या त्या काना-वेलांटीच्या प्रश्नाची कमाई. बाण दाबण्यापायी त्याच्या स्वतःच्या पदरचा एकही गुण गेला नाही.

"दादा," मुंगी म्हणाली, "पंचांना सांगितलं कोणी?"

तो दाढीचं उरकायला मोरीकडे वळला.

"मी फोन केला तेव्हा डोळा लागला होता ना रे तुझा?" मी विचारलं. मला तेवढंच सुचलं.

तेव्हा तो फुटला. "मग काय करायचं होतं मी? रोज जेवताना, मुंगी पुढे गेली, मुंगी पुढे गेली! तिला शिकवलं कोणी? मी. माझ्या खुर्चीमागे उभी राहायची ती. ऑफिसात पोरं विचारतात, ती मुंगी तुमच्याच घरातली ना, मग तुम्ही मागे कसे?"

"मला सांगायचं होतंस," मुंगी म्हणाली. "मी नाव मागे घेतलं असतं."

"तेच नको होतं मला!"

मुंगी उठली, मोरीत जाऊन तोंड धुतलं, आणि मी अर्धी टाकलेली भांडी विसळायला लागली. पाण्याचा आवाज बराच वेळ येत होता.

"लिही," यांनी साहेबला सांगितलं. "आत्ता लिही, मी केलं म्हणून."

"लिहितो, बाबा. संध्याकाळी लिहितो." त्याने टॉवेलने गाल पुसला आणि अर्धी दाढी तशीच ठेवून कामावर गेला.

संध्याकाळी त्याच्याजवळ वेगळंच बोलणं होतं. म्हणाला, तिचं नाव तर गेलंच आहे. मी लिहिलं तर माझंही खातं बंद होईल, ऑफिसात छी-थू होईल. दोघांचं जाण्यापेक्षा एकाचं तरी राहू दे. घरात एक तरी पंच येईल.

"मला घरात पंच नकोय," हे म्हणाले. "माणूस हवाय."

त्यावर साहेब आतल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

मग मी लिहायला बसले. जन्मात पहिल्यांदा एवढं लांब लिहिलं. "मी मावशी. मी मते दिली नाहीत. मी लग्नात होते. माझ्या मुलाने दिली." ते शेवटचं वाक्य मी खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. ज्याला बोट धरून चालायला शिकवलं त्याच्याकडे बोट दाखवायचं तर हात चालत नाही. शेवटी लिहिलं आणि पाठवलं. पंचांचं उत्तर सभ्य होतं. एकाच घरातल्या खात्यांमधलं खरं-खोटं आम्हाला ठरवता येत नाही. ज्याने केलं त्याने स्वतःच्या खात्यावरून लिहून दिलं, तर फेरविचार करू. तोपर्यंत मुंगीची उमेदवारी रद्द, तिच्या नावापुढे वर्षभराचा ठपका, आणि माझं खातं कायमचं बंद. माझा प्रश्न मात्र त्यांनी ठेवला. तो अजून तिथे आहे. वर माझं नाव नाही. "काढून टाकलेला सभासद" असं आहे.

साहेब निवडून आला. लोकांनी अभिनंदन केलं. एकाने लिहिलं होतं, घरातूनच एवढा त्रास होऊनही तुम्ही संयम सोडला नाहीत. ते मी वाचलं. वाचायला शिकले नसते तर बरं झालं असतं, असं त्या एका दिवशी वाटलं, मग कधी नाही. कंपनीतल्या बाईंनी मुंगीला कळवलं, पुढच्या वर्षी बघू. मुंगीने झेरॉक्सच्या दुकानात नोकरी धरली, तिथली मशीनं ती दुरुस्त करते. साहेबने दुसऱ्या गावची नोकरी घेतली. जाताना तो माझ्या पाया पडायला वाकला. मी मागे सरकले नाही आणि पाठीवर हातही ठेवला नाही. त्याने मुंगीला हाक मारली, ती दुकानात गेली होती.

पायडल बंद पडलं. कधी झाडताना माझाच धक्का लागून खट् वाजलं की हे दचकून वर बघत.

जेवताना यांनी आकडा विचारणं सोडलं. त्याऐवजी रोज सकाळी, चहा पुढ्यात आला की विचारायचे, "लिहिलं का गं त्याने?" मी मुंगीचा कॉम्प्युटर उघडून बघायची. खातं नसलं तरी वाचायला तिथे कोणी अडवत नाही. साहेबचं नाव दिसे, पुढे वाढलेले गुण, आणि पंच असल्याची खूण. त्याने कोणाची तरी लबाडी पकडलेली असे, कोणाला समज दिलेली असे. त्याचं लिखाण छान असे. "नाही लिहिलं," मी सांगायची.

"लिहील," हे म्हणायचे. नंतर नंतर तेही म्हणेनासे झाले, नुसती मान हलवायचे.

हे वारले. भावजींच्या लग्नाला दोन वर्षं पुरी व्हायच्या आदल्या आठवड्यात, शुक्रवारी सकाळी, छातीच्या त्याच दुखण्याने. साहेबला फोन मुंगीने केला. तो आला. तोवर त्याने लिहिलं नव्हतं.